घडीच्या चाकूचा सांधा : वॉशर की छर्रे?

घडीच्या चाकूचे पाते मुठीत फिरते ते एका खिळीवर. पात्याच्या बुडाला गोल भोक असते, त्यातून खीळ आरपार जाते आणि मुठीच्या दोन भिंती पात्याला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात. सांधा दिसायला साधा, पण त्याच्याकडून ज्या दोन गोष्टी हव्या असतात त्या एकमेकींच्या आड येतात. उघडताना-मिटताना पाते सहज फिरले पाहिजे आणि उघडल्यावर ते डावी-उजवीकडे तसूभरही हलता कामा नये. खीळ आवळली की पाते जड चालते. सैल केली की डुगडुगते. या पेचावरचे उत्तर कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या दोन चकत्यांत शोधले. चकती सपाट असली तर तो वॉशर. तिच्यात बारीक छर्रे बसवलेले असले तर ते बेअरिंग. वॉशरवर पाते घासत सरकते, छर्ऱ्यांवर ते लोळत फिरते.

डुगडुग किती फटीने येते याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. वॉशरचा व्यास १० मिलिमीटर आणि पाते ८० मिलिमीटर लांब धरले, तर सांध्यात उरलेली अवघी ०.०२ मिलिमीटरची फट टोकापाशी आठपट होते, म्हणजे सुमारे ०.१६ मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर असते. सांध्यात केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागा राहिली तरी टोक दोन केसांहून अधिक झुकते, आणि ते बोटांना तत्काळ कळते. चकतीचा व्यास वाढवला की हाच हिशेब उलट बाजूने उपयोगी पडतो. मोठी चकती पात्याला रुंद बैठक देते. चकती सपाट असो वा छर्ऱ्यांची, हा नियम दोघींनाही सारखाच लागू आहे.

पूर्वीच्या चाकूंत चकत्या नव्हत्याच. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला चाकू आजही जवळपास त्याच घडणीत मिळतो: बीच लाकडाची मूठ, तिला पाडलेली एक चीर, चिरीत पाते आणि आरपार ठोकलेली खीळ. पाते थेट लाकडाला घासते. हवा दमट झाली की लाकूड फुगते आणि पाते चिरीत घट्ट धरले जाते. अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर आपटून पाते बाहेर काढण्याची युक्ती साव्हॉयमध्ये इतकी रुळली, की तिला तिथल्या लोकांचेच नाव पडले. शेफील्ड आणि झोलिंगेन इथल्या खिशातल्या चाकूंत मुठीच्या आतून पितळेचे पातळ पत्रे, म्हणजे लायनर, बसवलेले असत आणि पाते त्या पत्र्यांना घासून फिरे. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने दोन्ही धातू एकमेकांना चावत नाहीत. वेगळा वॉशर न घालता वॉशरचे काम होई. आपल्याकडचा अडकित्ता याच कुळातला आहे. त्याचे दोन दांडे एका ठोकलेल्या खिळीवर फिरतात आणि मधे काहीही नसते. सुपारी फोडताना जोर एकाच दिशेने येतो, त्यामुळे थोडी डुगडुग तिथे खपून जाते. चाकूच्या पात्यावर मात्र कापताना आडवा जोरही येतो.

ठोकलेल्या खिळीची एक अडचण होती. ती एकदा बसवली की तिचा ताण बदलता येत नाही. कारागिराच्या हातोडीने जेवढी घट्ट केली तेवढीच ती राहणार आणि झिजली की सैल होणार. १९८० च्या दशकात अमेरिकेत मायकेल वॉकर यांनी लायनर लॉक, म्हणजे उघडलेले पाते लायनरच्याच पट्टीने अडवणारे लॉक, रूढ केले. त्या काळापासून हाताने बनवलेल्या आणि पुढे कारखान्यात बनणाऱ्या चाकूंत खिळीच्या जागी स्क्रू येत गेला. स्क्रू आला आणि चाकू खोलता येऊ लागला, त्याचा ताण वापरणाऱ्याला हवा तसा ठरवता येऊ लागला. पात्याच्या बाजूला काय बसवायचे हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला, कारण आता चकती बदलणे कोणालाही शक्य होते.

वॉशरसाठी सर्वांत जास्त मान मिळाला तो फॉस्फर ब्राँझला. तांब्यात साधारण पाच ते आठ टक्के कथील आणि अगदी थोडे फॉस्फरस मिसळून हा मिश्रधातू बनतो. तो झिजेला टिकतो, पोलादाला चिकटत नाही आणि त्याला स्प्रिंगसारखी लवचिकताही असते. यंत्रांतल्या बुशांसाठी, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या छोट्या नळ्यांसाठी, तो पूर्वीपासून वापरात होताच. चाकूतला वॉशर साधारण अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असतो. नवा असताना तो किंचित खरखरीत लागतो. शे-दोनशे वेळा पाते उघडले-मिटले की दोन्ही पृष्ठभागांवरची सूक्ष्म टोके घासून जातात आणि चाल मऊ होते. काही हौशी लोक वॉशर काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून हे काम आधीच उरकून घेतात. त्यात फायदा असतो, पण वॉशर दोन्ही बाजूंनी समांतर राहिला तरच. एका कडेला जास्त घासला गेलेला वॉशर न घासलेल्यापेक्षा वाईट चालतो.

स्वस्त चाकूंत नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे वॉशर असतात. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्यू पॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघाताने लागले. पोलाद आणि टेफ्लॉन यांच्यातले घर्षण ग्रीस लावलेल्या ब्राँझपेक्षाही कमी असू शकते. मग ते सगळीकडे का नाही? कारण ते दाबाखाली हळूहळू पसरते. आज नेमका आवळलेला सांधा काही महिन्यांनी सैल लागतो, कारण मधली चकती चेपून पातळ झालेली असते. नायलॉन त्याहून ताठ, पण खरखरीत. दोन्हींना गंज लागत नाही आणि तेलावाचून त्यांचे भागते, एवढी त्यांची बाजू घ्यायला हरकत नाही.

वॉशरचे क्षेत्रफळ मोठे म्हणून घर्षण जास्त, असे सहज वाटते. ते खरे नाही. गियोम आमाँतों यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या आणि कूलाँ यांनी १७८५ मध्ये पक्क्या केलेल्या नियमांनुसार कोरडे घर्षण दाबणाऱ्या बलावर अवलंबून असते, टेकणाऱ्या पृष्ठाच्या आकारावर नाही. पण चकती मोठी असली की घर्षण खिळीपासून दूर लागते आणि तिथे त्याला तरफेचा लाभ मिळतो, म्हणून पाते फिरवायला जास्त पीळ लागतो. मोबदल्यात चौरस मिलिमीटरवरचा दाब कमी होतो, झीज मंदावते आणि पात्याला रुंद बैठक मिळते. शिवाय मधे ग्रीस असले तर रुंद पृष्ठांमध्ये त्याचा थर टिकून राहतो. चांगल्या वॉशरवर फिरणाऱ्या पात्याची जी दाट, संथ चाल शौकिनांना आवडते ती या थराची असते.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे ‘सेबेन्झा’. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात स्थायिक झालेले ख्रिस रीव्ह यांनी तो १९९० च्या आसपास बाजारात आणला. त्यात ब्राँझचे मोठे वॉशर आहेत आणि ग्रीस साठून राहावे म्हणून त्यांना भोके पाडलेली आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट खिळीभोवती आहे. तिथे एक बुश बसवलेला असतो आणि त्याची लांबी पाते अधिक दोन वॉशर यांच्या एकत्रित जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवलेली असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी मुठीच्या भिंती बुशावर जाऊन टेकतात, पाते चेपले जात नाही. किती आवळायचे हा प्रश्न वापरणाऱ्याच्या हातून काढून घेऊन कारखान्यातच सोडवलेला असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या स्पायडरको कंपनीचा ‘पॅरा मिलिटरी २’ हाही ब्राँझ वॉशर आणि बुश यांच्याच जोडीवर चालतो. ही रचना कागदावर सोपी आणि कारखान्यात महाग असते. पाते, दोन वॉशर आणि बुश या चारही जाड्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळाव्या लागतात. बहुतेक कंपन्या तिच्या वाटेला गेल्या नाहीत, त्याचे कारण एवढेच.

बेअरिंग हे चाकूच्या दुनियेत उशिरा आलेले पाहुणे. वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट १७९४ मध्ये घेतले होते. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे यांनी ते सायकलसाठी घेतले. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टचे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र बनवले आणि मग बेअरिंग स्वस्त होऊन जगभर पसरले. चाकूला त्यातले काही नको होते, आणि त्याला सबळ कारण होते. चाक मिनिटाला शेकडो फेरे घेते. तिथे घर्षण म्हणजे उष्णता आणि वाया गेलेली शक्ती. पाते अर्धा फेरा फिरते आणि थांबते, दिवसातून काही वेळा. घर्षण वाचवून इथे मिळणार काय?

उत्तर पाते उघडण्याच्या पद्धतीत आहे. जुना चाकू नखाने उघडत, दोन हात लावून. नंतर पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी किंवा भोक आले आणि एका हाताने काम होऊ लागले. त्यापुढची पायरी म्हणजे फ्लिपर. पात्याच्या बुडाला मुठीबाहेर डोकावणारे छोटे शिंग असते. मिटलेल्या चाकूचे ते शिंग तर्जनीने दाबले की पाते झटक्यात उघडून अडकते. यात स्प्रिंग नसते. लॉकच्या पट्टीवर एक इवलासा छर्रा असतो, तो मिटलेल्या पात्यातल्या खळगीत बसून पाते आत धरून ठेवतो. बोटाचा दाब वाढत जातो, एका क्षणी छर्रा खळगीतून सुटतो आणि साठलेला सगळा जोर पात्याच्या वेगात उतरतो. त्यानंतर पात्याला स्वतःच्या वेगावरच शेवटपर्यंत पोचायचे असते. वाटेत वॉशरच्या घर्षणाने वेग खाल्ला तर ते अर्ध्यावर थांबते. फ्लिपर लोकप्रिय झाला आणि चाकूला बेअरिंगची गरज निर्माण झाली. वॉशरवर चांगला फ्लिपर बनत नाही असे नाही. पण त्यासाठी खळगीची खोली, पट्टीचा ताण आणि वॉशरची सपाटी यांचा फार नेमका मेळ लागतो. बेअरिंग लावले की बऱ्याच चुका झाकल्या जातात.

२१ व्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राझीलचे फ्लाव्हिओ इकोमा आणि कॉर्थ या नावाने चाकू बनवणारे रिक लाला यांनी ‘इकोमा कॉर्थ बेअरिंग सिस्टीम’ पुढे आणली. या पद्धतीत मुठीच्या आतल्या भिंतीत किंवा पात्याच्या बुडात गोल चर कोरतात आणि त्यात सुटे छर्रे ग्रीसमध्ये बसवतात. छर्रे धरून ठेवणारा वेगळा पिंजरा नाही, त्यामुळे जागा कमी लागते. अमेरिकेतल्या सीआरकेटी कंपनीने ही रचना कारखान्यात बनणाऱ्या चाकूंत आणली आणि २०१० नंतर बेअरिंग सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. सुट्या छर्ऱ्यांचा त्रास चाकू खोलणाऱ्याला होतो: स्क्रू काढला की दीड मिलिमीटरचे छर्रे घरभर पसरतात. त्यामुळे बहुतेक कंपन्यांनी पिंजऱ्यातले बेअरिंग पसंत केले. त्यात पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ चकतीला भोके असतात आणि प्रत्येक भोकात एक छर्रा अडकवलेला असतो. आज चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांग शहरात, जिथे चाकूंचे कारखाने दाटीने आहेत, मध्यम किमतीच्या चाकूंतही असे बेअरिंग सर्रास बसवतात.

बेअरिंगमुळे चाल गुळगुळीत होते, असे सगळेच म्हणतात. पण त्याचा खरा लाभ दुसरीकडे आहे, आणि तो आकड्यांतून नीट दिसतो. ग्रीस लावलेल्या ब्राँझचा घर्षणगुणांक सुमारे ०.१ धरू, चांगल्या बेअरिंगचा ०.००२ च्या आसपास असतो. पात्याचे वजन ३० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य खिळीपासून ४ सेंटिमीटरवर आणि घर्षण खिळीपासून सरासरी ४ मिलिमीटरवर लागते असे मानू. चाकू आडवा धरून लॉक सोडले की पाते स्वतःच्या वजनाने खाली यावे, तर वॉशरच्या चाकूत स्क्रूचा ताण १५ न्यूटनच्या वर जाता कामा नये. पंधरा न्यूटन म्हणजे दीड किलो वजनाएवढा दाब. स्क्रूच्या दृष्टीने तो जवळजवळ शून्यच. पावपट फेरा इकडे-तिकडे झाला की पाते एकतर अडते किंवा डुगडुगते. छर्ऱ्यांच्या चाकूत हीच मर्यादा ७०० न्यूटनच्या पुढे जाते. चाकूतली बैठक खऱ्या बेअरिंगइतकी उत्तम नसते म्हणून घर्षण पाचपट धरले, तरी दीडशे न्यूटन उरतात. म्हणजे स्क्रू चांगला आवळून डुगडुग संपवता येते आणि पाते तरीही मोकळे फिरते. सुरुवातीचा पेच बेअरिंगने सुटतो तो असा. जो चाकू कारखान्यातून थोडा ढोबळ आलेला आहे, त्याला बेअरिंग सांभाळून घेते. वॉशर तसे करत नाही.

मात्र चाकूतले बेअरिंग जे काम करते, ते सायकलच्या चाकातल्या बेअरिंगचे काम नाही. चाकातले छर्रे आसाभोवती बसून गाडीचा भार पेलतात. चाकूतले छर्रे पात्याच्या दोन बाजूंना असतात आणि फक्त बाजूचा दाब घेतात. भाजी चिरताना पाते पाटाकडून वर ढकलले जाते. तो भार खीळ आणि पात्याचे भोक यांच्यावर येतो आणि तिथे बहुतेक चाकूंत पोलाद पोलादावरच घासत असते. त्या भोकात खीळ सैल असेल तर पाते वर-खाली हलते, आणि जगातले सर्वांत महाग बेअरिंगही ते थांबवू शकत नाही. जाहिरातीत छर्ऱ्यांची संख्या छापतात, खीळ भोकात किती नेमकी बसते हे कोणी छापत नाही.

छर्रे आणि त्यांची बैठक यांचे नाते अधिक नाजूक आहे. वॉशर शेकडो सूक्ष्म जागी टेकतो, तर गोल छर्रा सपाट पृष्ठावर जवळजवळ एका बिंदूत टेकतो. दोन वक्र वस्तू एकमेकींवर दाबल्या की स्पर्शाच्या जागी किती ताण येतो याचे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडले, आणि त्यातून निघणारा ताण पाहिला तर छोट्या छर्ऱ्याखालचे धातू का दबतात ते समजते. १९०० मध्ये स्वीडनच्या योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी याच गोष्टीची कसोटी केली: धातूवर १० मिलिमीटरचा पोलादी गोळा ठरावीक बलाने दाबायचा आणि पडलेल्या खळगीवरून धातूचा कठीणपणा मोजायचा. बेअरिंगच्या मार्गात छर्ऱ्यांनी पडणाऱ्या खड्ड्यांनाही अभियंते ब्रिनेल यांचेच नाव लावतात. खऱ्या बेअरिंगमध्ये छर्रे त्यांच्या गोलाईशी जुळणाऱ्या चरातून, रॉकवेल मापावर साठच्या आसपास कठीण असलेल्या पोलादावरून धावतात. चाकूत ते बहुधा सपाट पृष्ठावर धावतात. पात्याची बाजू त्यांना चालते, कारण पात्याचे पोलाद तितकेच कठीण असते. बेअरिंगचे छर्रे ज्या ५२१०० पोलादाचे बनतात त्याचीच उत्तम पातीही अनेक कारागीर घडवतात. अडचण मुठीच्या बाजूला आहे. महाग चाकूंची मूठ टायटॅनियमची असते आणि त्याचा कठीणपणा छत्तीसच्या आसपास भरतो. त्यावर छर्रे थेट फिरवले तर काही महिन्यांत गोल चर पडतो, सांधा सैल होतो आणि स्क्रू पुन्हा आवळावा लागतो. जाणते कारागीर तिथे कठीण पोलादाची पातळ चकती बसवतात, जेणेकरून छर्रे दोन्हीकडून पोलादावरच चालावेत. चाकू खोलल्यावर ही चकती दिसली नाही तर बनवणाऱ्याने पैसे वाचवले असे समजायला हरकत नाही.

आणखी एक बारकावा. पाते १८० अंश फिरते तेव्हा छर्ऱ्यांचा पिंजरा त्याच्या निम्माच, म्हणजे ९० अंश फिरतो. प्रत्येक छर्रा आयुष्यभर त्याच पाव वर्तुळावर ये-जा करत राहतो. ग्रीसचा थर पूर्ण वर्तुळात फिरून पुन्हा पसरण्याची संधी त्याला मिळत नाही. झीज वाटली जावी म्हणून छर्रे अनेक ओळींत मांडणे हा एक उपाय आहे आणि रशियातल्या शिरोगोरोव्ह कंपनीच्या चाकूंत तशा रचना असतात. त्यांची चाल अप्रतिम असते. किंमतही सामान्य माणसाने हसून सोडून द्यावी अशी.

सिरॅमिकचे छर्रे हा अलीकडचा मोठा आकर्षणबिंदू. ते बहुधा सिलिकॉन नायट्राइडचे किंवा झिर्कोनियाचे असतात. सिलिकॉन नायट्राइडचे वजन पोलादाच्या निम्म्याहून कमी आणि कठीणपणा कठीण केलेल्या पोलादाच्या जवळपास दुप्पट. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रात हलक्या छर्ऱ्याचा फार उपयोग होतो. अर्धा फेरा घेणाऱ्या पात्याला त्याचे काही नाही. कठीणपणा तर उलटही पडू शकतो, कारण मऊ बैठकीत कठीण छर्रा अधिकच रुततो. चाकूत सिरॅमिकचा निर्विवाद गुण एकच, की ते गंजत नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत किंवा मासे साफ करणाऱ्याच्या हातात तेवढा गुणही पुष्कळ झाला.

बेअरिंगला जागा लागते, हीही बाब कमी महत्त्वाची नाही. वॉशरची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. छर्रा दीड मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंचे छर्रे तसेच ठेवले तर मूठ बेढब जाड होईल, म्हणून पात्याच्या बुडात किंवा लायनरमध्ये खळगा कोरून त्यांना आत बसवतात. पाते तीन मिलिमीटर जाड असेल आणि दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मिलिमीटर कोरले, तर खिळीभोवती निम्मेच पोलाद उरते. खिळीला भोकात मिळणारा आधारही तेवढाच अरुंद होतो. रोजच्या कामात याने काही बिघडत नाही. पाते आडवे पिळून डबा उघडण्याच्या नादात मात्र बिघडू शकते. पातळ, हलक्या चाकूंत म्हणूनच अजून वॉशर टिकून आहेत. बेंचमेड कंपनीचा जेमतेम ५२ ग्रॅमचा ‘बगआउट’ ब्राँझ वॉशरवरच चालतो.

धूळ-कचऱ्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. वॉशर आणि पाते यांच्यात फट जवळपास नसतेच आणि असलेली ग्रीसने भरलेली असते. खिशातला कापूस-धागा कडेला अडतो. वाळूचा कण आत शिरलाच तर मऊ ब्राँझमध्ये रुतून बसतो. पाते थोडे खरखरते पण फिरत राहते. छर्ऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागा मात्र कचऱ्याला आमंत्रण देतात. धागा पिंजऱ्यात गुंडाळला जातो, कण छर्ऱ्यासमोर अडसर होऊन बसतो, आणि लोळणारा छर्रा अडला की तोही घासू लागतो. त्या क्षणी बेअरिंगचा सगळा फायदा संपतो. फळाचा रस वाळून चिकट झाला तरी तेच. फणसाचा चीक सांध्यात गेला तर पाण्याने धुऊन काहीच निघत नाही, तेलानेच सोडवावा लागतो. वॉशरचा चाकू त्यातून तेलाच्या चार थेंबांवर बाहेर येतो, बेअरिंगचा बहुधा खोलावाच लागतो. शेतात, होडीवर, बांधकामावर किंवा स्वयंपाकघरात खऱ्या कामाला लागणाऱ्या चाकूत वॉशर अधिक शहाणपणाचे, ते या कारणाने. खिशातून दिवसातून चारदा निघून पाकीट फोडणाऱ्या आणि उरलेला वेळ उघड-मीट करण्याच्या छंदाला वाहिलेल्या चाकूत बेअरिंगची मजा औरच असते, आणि ती मजा नाकारण्याचे कारण नाही.

हा वाद एकाच चाकूत तपासून पाहण्याची सोय ओहायोचे रिक हिंडरर यांनी करून ठेवली आहे. त्यांच्या ‘एक्सएम-१८’ चाकूतल्या ‘ट्राय-वे’ सांध्यात ब्राँझ वॉशर, प्लास्टिक वॉशर किंवा बेअरिंग यांपैकी हवे ते बसवता येते. जाडी सारखी राहील अशी तिन्हींची बैठक आखलेली आहे. पाते तेच, मूठ तीच, लॉक तेच; बदलते ती फक्त चकती. असा चाकू हाताळला की एक गोष्ट लक्षात येते. मुठीच्या दोन्ही भिंती आणि पात्याची दोन्ही अंगे एकमेकांना समांतर आणि सपाट असली, तर तिन्ही प्रकार उत्तम चालतात. ती तशी नसली, तर छर्रे दोष लपवतात आणि वॉशर तो दाखवून देतात.

सांध्यातल्या घर्षणाने कायद्यालाही कामाला लावले होते. न्यूयॉर्क राज्यात गुरुत्वाकर्षणाने किंवा मनगटाच्या झटक्याने उघडून अडकणारा चाकू बाळगणे गुन्हा होता. पोलीस चाकू जोराने झटकून पाहत. त्यामुळे कामगाराच्या खिशातला दुकानात उघडपणे विकलेला चाकू, त्याचा स्क्रू वापराने सैल झाला एवढ्यावरूनही गुन्ह्याच्या व्याख्येत बसू शके. बरीच वर्षे टीका झाल्यावर २०१९ च्या मे महिन्यात ही तरतूद रद्द झाली. ब्रिटनमध्ये मात्र गुरुत्वाकर्षणाने उघडणाऱ्या चाकूंवर १९५९ पासून बंदी आहे.

देखभालीत वॉशरला थोडे घट्ट ग्रीस मानवते, कारण रुंद पृष्ठांत ते टिकते. बेअरिंगला पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. जास्त तेल कचरा धरून ठेवते. सुट्या छर्ऱ्यांची रचना अपवाद, तिथे ग्रीस नसेल तर छर्रे जागेवर बसतच नाहीत. पावसाळ्यात पोलादी छर्ऱ्यांच्या चाकूला महिन्यातून एकदा तेल दाखवलेले बरे. वॉशरचा चाकू वर्षभर न खोलता चालतो. खोलायचाच असेल तर योग्य मापाचा टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) पाना हवा, कारण हलक्या पान्याने स्क्रूचे डोके खाल्ले गेले की पुढचे काम अवघड होते. काही कंपन्या ग्राहकाने चाकू खोलला की हमी नाकारतात, हे आधी पाहून घ्यावे. पुन्हा बसवताना स्क्रू डुगडुग जाईपर्यंत आवळायचा आणि पाते दोन भिंतींच्या बरोबर मधे मिटते का ते पाहायचे. वॉशरच्या चाकूत त्यानंतर स्क्रू अगदी थोडासा, फेऱ्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा, मागे घ्यायचा. बेअरिंगच्या चाकूत बहुधा तसा घ्यावा लागत नाही. आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकटद्रवाचा, एक लहानसा थेंब लावला की ही जुळणी वापराच्या धक्क्यांनी सुटत नाही. थेंब वॉशरवर किंवा छर्ऱ्यांत ओघळू द्यायचा नाही. ओघळलाच तर तो वाळण्याआधी सांधा पुन्हा खोलून पुसून घ्यायचा.